हजार एकर आणि तीन बहिणी



मंडळाच्या वाचन-कट्ट्यावर यंदा आम्ही एक नियम केला. ज्या देशात आपण राहतो, टॅक्स भरतो, मुलांना शाळेत घालतो, तिथली माणसं आपापल्या घरात कशी वागतात हे कळावं म्हणून वर्षातून निदान दोन पुस्तकं इथलीच वाचायची. त्या नियमातून हाती आली जेन स्मायली यांची 'अ थाउजंड एकर्स' ही कादंबरी. घेतली होती अमेरिका समजून घ्यायला, पण दोन तास चर्चा रंगली ती सातबारा, हक्कसोडपत्र आणि गावाकडे राहिलेल्या बहिणींवर! तेव्हा ठरलं की हे सगळं नीट मांडून सगळ्यांसाठी लिहून काढावं.

एक सूचना आधीच देतो. खाली कथानक शेवटापर्यंत सांगितलं आहे. शिवाय वडिलांनी मुलींवर केलेल्या अत्याचाराचा विषय या पुस्तकात आहे. हायस्कूलमधली मुलं वाचणार असतील तर आई-वडिलांनी आधी वाचावं, हे बरं.

पुस्तकाची कुंडली

कादंबरी १९९१ साली प्रसिद्ध झाली आणि १९९२ मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं. स्मायली त्या काळात आयोवा राज्यातल्या एम्स गावी, आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीत शिकवत होत्या. (एमएस करायला एम्सला येऊन गेलेले आपल्यातही कोणी असतील!) १९९७ साली यावर सिनेमा निघाला. त्यात जेसिका लँग, मिशेल फायफर आणि जेनिफर जेसन ली या तिघी बहिणी झाल्या आहेत.

कथा घडते १९७९ साली, आयोवातल्या झेब्युलॉन नावाच्या काल्पनिक काउंटीत. इंटरस्टेट ८० वरून शिकागोहून पश्चिमेला गाडी हाकली असेल, तर तो भाग डोळ्यासमोर येईल. सपाट जमीन, मका, सोयाबीन, मैलामैलावर एखादं घर आणि धान्याची उंच कोठारं. इथं लॅरी कुक या शेतकऱ्याची हजार एकर जमीन आहे. आपल्या हिशेबात ४०,००० गुंठे! २०१५-१६ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातली सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर, म्हणजे साधारण सव्वातीन एकर भरली होती. त्यावरून लॅरीचा गावात काय रुबाब असेल याची कल्पना यावी.

कथेचा सांगाडा शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'चा. म्हातारा राजा तीन मुलींना राज्य वाटून देतो, खरं बोलणाऱ्या धाकटीला हाकलतो, गोड बोलणाऱ्या थोरल्या दोघी त्याला घराबाहेर काढतात आणि तो वादळात वेडापिसा होऊन भटकतो. स्मायलींनी नावांची आद्याक्षरंसुद्धा तीच ठेवली आहेत. लिअरचा लॅरी, गॉनेरिलची जिनी (इंग्रजीत दोन्ही 'जी'), रीगनची रोझ आणि कॉर्डेलियाची कॅरोलाइन. शेजारचा म्हातारा हॅरोल्ड क्लार्क आणि त्याची दोन मुलं जेस व लॉरेन हेही मूळ नाटकातूनच आले आहेत.

बदल एकच केला, पण त्यानं सगळं उलटंपालटं झालं. ही गोष्ट जिनी सांगते. म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकातली 'दुष्ट' थोरली मुलगी.

आपल्याला ओळखीची असलेली बाजू

लिअरची गोष्ट मराठी माणसाला नवी नाही. विंदा करंदीकरांनी 'राजा लिअर' मराठीत आणला. त्याहून कितीतरी जास्त लोकांपर्यंत ती पोचली वि. वा. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मधून. १९७० साली डॉ. श्रीराम लागू अप्पासाहेब बेलवलकर म्हणून उभे राहिले आणि २०१६ च्या सिनेमात नाना पाटेकर. आपण कोणत्याही पिढीचे असलो तरी रडलो ते अप्पासाहेबांसाठीच. सगळं देऊन टाकलेला बाप आणि कृतघ्न मुलं! भारतातून फोनवर कुणाच्या घरची वाटणी कानावर आली की आपल्या डोक्यात आपोआप हाच प्रयोग सुरू होतो.

नाटक थोर आहेच, त्यात वाद नाही. पण त्याच्या सवयीमुळे आपण एक प्रश्न विचारायचा विसरतो. बापाच्या त्या भव्य बोलण्याच्या वेळी घरात स्वयंपाक कोण करत होतं? आणि त्या आधीची तीस वर्षं त्या घरात काय चाललं होतं? स्मायलींची कादंबरी त्या तीस वर्षांची आहे.

वाटणी होते कशी?

हॅरोल्डचा मुलगा जेस तेरा वर्षांनी घरी परततो. व्हिएतनाम युद्धाची सक्तीची भरती टाळण्यासाठी तो कॅनडात गेला होता. त्याच्या स्वागताला हॅरोल्ड गावजेवण घालतो. तिथं, चार लोकांसमोर, लॅरी एकदम जाहीर करतो की आपण शेताचं कॉर्पोरेशन करणार आणि तिन्ही मुलींना शेअर्स देणार. कारण व्यवहारी आहे. आपण मेल्यावर जमिनीवर बसणारा भलामोठा इस्टेट टॅक्स वाचवायचा!

आता इथं काय होतं ते बघा. कुणालाही आधी विचारलेलं नाही. जिनी मनात दचकते, पण वडिलांना 'नाही' म्हणायची सवयच नसल्यानं 'छान कल्पना' म्हणते. रोझही होकार देते. कॅरोलाइन डे मॉइन शहरात वकील आहे. ती एवढंच सुचवते की आपली काही खात्री पटत नाही. झालं! लॅरीला तेवढंही सहन होत नाही. कागदांवर सह्या होतात त्या दिवशी ती समेटासाठी आली असताना तो तिच्या तोंडावर दार लावतो. तिचा वाटा गेला.

आम्ही आयटीवाले याला 'विदाउट टेस्टिंग डिप्लॉयमेंट' म्हणतो. सगळा अधिकार एका माणसाकडे, रिव्ह्यू नाही आणि निर्णय मागे घ्यायची सोयही नाही. पुढचं सगळं अटळ होऊन जातं. काम हातातून गेलेला लॅरी दिवसभर खिडकीत बसून राहतो, दारू पिऊन गाडी ठोकतो, महागडी स्वयंपाकघराची कपाटं विकत आणतो आणि ती अंगणातच पावसात भिजत ठेवतो. एका वादळी रात्री तो थोरल्या दोघींना नको ते बोलून निघून जातो. जिनीचे पाच गर्भ पडले आहेत. तिला तो वांझपणावरून शिव्याशाप देतो. गावाला दिसतो तो मात्र पावसात भिजणारा म्हातारा बाप आणि त्याला बाहेर काढणाऱ्या मुली. पुढे लॅरी आणि कॅरोलाइन जमीन परत मिळवायला कोर्टात जातात. खटला ते हरतात, पण तोवर कुटुंबाचं कुटुंबपण उरलेलं नसतं.

तीन बहिणी, तीन वेगळे बाप

कादंबरीचा गाभा इथं आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आई वारली तेव्हा जिनी चौदा वर्षांची होती, रोझ बारा आणि कॅरोलाइन अवघी सहा. धाकटीला या दोघींनीच वाढवलं. तिचे कपडे, शाळा, मैत्रिणी, कॉलेज, सगळं पाहिलं. आपल्याला जे मिळालं नाही ते हिला मिळालंच पाहिजे आणि ही या शेतातून बाहेर पडलीच पाहिजे, हा जणू दोघींचा प्रकल्प होता. तो पार पडला. कॅरोलाइन शहरात गेली, शिकली, वकील झाली.

या दोघी मात्र मागे राहिल्या. आईच्या पश्चात वडिलांनी दोघींवर अत्याचार केले होते. रोझला ते लख्ख आठवतं आणि त्याच रागावर ती जगते. चौतिसाव्या वर्षी स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झालेली ही बाई आपल्या दोन मुलींना दूर बोर्डिंग शाळेत ठेवते. का, तर त्या आजोबांच्या जवळपास राहू नयेत म्हणून. जिनीच्या स्मृतीतून ते सगळं पुसलं गेलंय. रोझ सांगते तेव्हा ती मान्यच करत नाही. मग एका दिवशी वडिलांच्या घरात, आपल्या जुन्या खोलीतल्या पलंगावर ती आडवी होते आणि सगळं परत येतं.

कॅरोलाइनला यातलं काहीच माहीत नाही. तिच्या आठवणीतले डॅडी थोडे कडक, थोडे विक्षिप्त, पण प्रेमळ आहेत. ती खोटं बोलत नाही. तिच्या वाट्याला जो बाप आला तो खरंच तसाच होता. आणि तसा तो आला याचं कारण मधे दोन बहिणी भिंतीसारख्या उभ्या होत्या. ज्यांनी तिला वाचवलं त्यांच्याच विरुद्ध ती कोर्टात उभी राहते. तिच्या मते ती न्यायाचीच बाजू घेते आहे! या घरातला सगळ्यात मोठा घाव हाच, असं आम्हाला वाटलं.

कुणाला वाटेल की मग जिनी आणि रोझ म्हणजे निष्पाप देवता. तसं अजिबात नाही. त्या दोघींमध्येही जेसवरून फूट पडते. जिनी तर रोझला मारण्यासाठी बरणीत विषारी वनस्पती घालून सॉसेज करून देते. रोझ ते खात नाही, ही गोष्ट वेगळी. पुढे रोझचा कॅन्सर उलटतो आणि ती जाते. जिनी तोवर सगळं सोडून मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरात वेट्रेस झालेली असते. शेवटी तिच्याकडे राहतात दोन भाच्या आणि फेडायचा कर. जमीन विकली जाते, एका मोठ्या कंपनीच्या घशात.

शेवटी जिनी आणि कॅरोलाइन घरातलं उरलंसुरलं सामान वाटून घ्यायला रिकाम्या घरात भेटतात. जुने फोटो, भांडी, किरकोळ वस्तू. खरं सांगायची तीच एक वेळ असते. आणि तो विषय निघता निघता राहतो. कॅरोलाइनला ऐकायचं नसतं आणि जिनी बोलत नाही. जिनीनं सांगायला हवं होतं का? कट्ट्यावर यावर निम्मे-निम्मे पडले आणि एकमत शेवटपर्यंत झालं नाही.

जमिनीचं गणित

ही कादंबरी १९७९ मध्येच का घडते, हे इथल्या वाचकाला न सांगता कळतं. आपल्याला थोडं सांगावं लागेल. सत्तरच्या दशकात अमेरिकेत शेतजमिनीचे भाव चढत होते. बँका बोलावून कर्ज देत होत्या. जिनीचा नवरा टाय असंच मोठं कर्ज काढून डुकरांचे आधुनिक गोठे बांधायला घेतो. पण ऑक्टोबर १९७९ मध्ये महागाई रोखायला फेडरल रिझर्व्हनं धोरण कडक केलं आणि व्याजाचे दर भडकले. डिसेंबर १९८० मध्ये बँकांचा प्राइम रेट २१.५ टक्क्यांवर गेला.

आयोवात शेतजमिनीचा सरासरी भाव १९८१ साली एकरी २,१४७ डॉलर होता. १९८६ मध्ये तो ७८७ डॉलरवर आला. म्हणजे हजार एकर धरले तर साडेएकवीस लाखांची तारण मालमत्ता पाच वर्षांत आठ लाखांच्या खाली. कर्जाचा आकडा मात्र जागच्या जागी. २००८ साली ज्यांनी इथं घरं पाण्याखाली जाताना पाहिली त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

१९९१ चा वाचक हा सगळा इतिहास जगून आलेला होता. लॅरीनं कागदावर सही केली तेव्हाच हे शेत जाणार हे त्याला ठाऊक होतं. पात्रांना ते माहीत नव्हतं.

मातीखालचं पाणी

इंजिनिअर मंडळींसाठी पुस्तकात एक खास गंमत आहे. ही जमीन मुळात दलदल होती. कुकांच्या पूर्वजांनी तिच्याखाली मातीच्या पाइपांचं जाळं पुरलं, पाणी खाली काढून दिलं आणि वर सोनं पिकवलं. उत्तर आयोवाची बरीच शेती खरोखर अशीच उभी राहिली आहे. हे पाइप पावसाचं पाणी नेतात तसं शेतात टाकलेलं नत्रखतही वाहून नेतात. ते ओढ्या-नद्यांत आणि भूजलात उतरतं.

कादंबरीत जेस जिनीला विचारतो की तुम्ही विहिरीचं पाणी पिता ना, त्यातल्या नायट्रेटमुळे गर्भ पडतात हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही? गर्भपाताचं हे कारण एका पात्राच्या तोंडचं आहे. पण विहिरीतल्या नायट्रेटमुळे तान्ही बाळं निळी पडतात, हे आयोवातल्याच एका डॉक्टरांनी १९४५ साली दाखवून दिलं होतं. अमेरिकेत पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम नायट्रेट-नायट्रोजन अशी आहे. २०१५ साली डे मॉइनच्या पाणीपुरवठा संस्थेनं याच कारणावरून तीन काउंट्यांमधल्या ड्रेनेज डिस्ट्रिक्टांवर खटला भरला. २०१७ मध्ये तो फेटाळला गेला.

वर हिरवंगार शेत आणि खाली विहिरीत उतरणारं विष. कुकांच्या घराचंही तेच आहे. स्मायली हे कुठं ओरडून सांगत नाहीत. पाइप आणि विहिरी दाखवतात आणि पुढे जातात.

आणि आपण?

आता मूळ मुद्द्यावर येतो. पुस्तक वाचताना सुरुवातीला सगळ्यांना वाटत होतं की आपण जिनीच्या बाजूचे. मग हळूहळू लक्षात आलं की आपण परदेशी राहणारे बहुतेक सगळे कॅरोलाइन आहोत.

घर सोडून शिकायला गेलेले आपण. आपल्याला घरातून बाहेर पडता यावं म्हणून कुणीतरी मागे राहिलं. बहुतेक घरांत ती बहीण असते, किंवा वहिनी. आई-बाबांच्या डॉक्टरांच्या फेऱ्या, रात्रीचे ताप, बाबांची चिडचिड, बँकेतली रांग हे सगळं तिच्याकडे. आपल्याकडे रविवारचा फोन आणि दोन वर्षांतून एकदा तीन आठवडे. त्या तीन आठवड्यांत आई-बाबा आपल्याला त्यांचा सगळ्यात चांगला चेहरा दाखवतात. मग फोनवर आई जरा रडली की आपण ताईला दुसरा फोन लावतो. "तू त्यांच्याशी असं का बोललीस?" आपण खोटं बोलत नसतो. आपल्याला अर्धंच माहीत असतं.

लॅरीसारखा भयंकर प्रकार प्रत्येक घरात असतो असं नव्हे, देव न करो. पण दूर गेलेल्याचा बाप आणि जवळ राहिलेल्याचा बाप हे दोन वेगळे असतात, हे या पुस्तकानं आम्हाला नीट दाखवलं. वाटणीचा विषय निघेल तेव्हा निवाडा देण्याआधी जवळ राहिलेल्याला एकदा शांतपणे विचारावं की तुझ्या वाट्याला काय आलं. आणि ती बोलली तर ऐकून घ्यावं, मधे न बोलता.

कागदांबद्दलही थोडं. आपल्याकडे मुलींचा हक्क हा आता उपकार राहिलेला नाही. महाराष्ट्रानं १९९४ साली वडिलोपार्जित मालमत्तेत त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींना मुलांबरोबरीचा हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीनं तो लग्न झालेल्या-न झालेल्या सगळ्या हिंदू मुलींना जन्मतः मिळाला. २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. तरीही 'भावाशी गोडी राहावी, माहेर तुटू नये' म्हणून हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणी प्रत्येकाच्या नात्यात आहेत. स्वखुशीनं केली तर प्रश्नच नाही. पण जिनीनंही 'छान कल्पना' असंच म्हटलं होतं, हे विसरू नये.

आणि लिअरसाठीही एक कायदा आहे! २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास रद्द ठरवून मागता येते. आई-बाबा बक्षीसपत्र करणार असतील तर ही अट त्यात लिहून घ्यायला चांगल्या वकिलाला जरूर सांगावं. आपण इथून कुलमुखत्यारपत्र पाठवून मोकळे होतो, तेव्हा ते कुणाच्या नावे आणि कशासाठी, हे सगळ्या भावंडांना एकाच वेळी कळवावं. एकाला फोन आणि बाकीच्यांना कानोकानी, असं नको.

कसं वाचावं?

पुस्तक बहुतेक पब्लिक लायब्ररींत मिळतं. इंग्रजी सोपं आहे, शेतीचे काही शब्द सोडले तर अडत नाही. पहिली पन्नास-साठ पानं संथ वाटतील, नांगर, पाइप आणि नातेवाइकांची, पण ती गाळू नका. शक्य असेल तर 'किंग लिअर'चं कथानक आधी डोळ्याखालून घाला. सिनेमा नंतरच बघा, कारण जमिनीचं गणित आणि पाण्याचा धागा त्यात पातळ झाला आहे.

कट्ट्याच्या पुढच्या बैठकीत जिनीनं कॅरोलाइनला सांगायला हवं होतं का, हाच प्रश्न पुन्हा घेणार आहोत. पुस्तक वाचून या, आणि जमलं तर येण्याआधी गावाकडच्या ताईला एक फोन करून या. रविवार नसला तरी चालेल.